घरच्या घरी सिनेमातले नको ते सीन आपोआप कसे गाळायचे: कोडी आणि ईडीएल फाइलची सगळी पद्धत

हॉलमध्ये आजी, आत्या, दुसरीतला पोरगा आणि नववीतली पोरगी असे सगळे एकत्र सिनेमा बघत बसलेत आणि मधेच काहीतरी आलं की रिमोट कुणाकडे आहे यावरून जी धावपळ होते ती सगळ्यांना माहितीये. फॉरवर्ड मारला की सीन आठपट स्पीडने दिसतोच, वर तो नको तेवढा पुढे जातो, मग मागे आणा, मग परत तोच सीन. यावर उपाय आहे, फुकट आहे, आणि त्यासाठी सिनेमाची फाइल कापायचीही गरज नाही. ईडीएल (.edl, म्हणजे एडिट डिसिजन लिस्ट) नावाची एक साधी टेक्स्ट फाइल लिहायची, त्यात कुठून कुठपर्यंत उडवायचं आणि कुठे फक्त आवाज बंद करायचा ते सेकंदात द्यायचं, कोडी नावाचा प्लेयर बाकीचं बघतो.

आधी एक सांगून ठेवतो, सॉफ्टवेअर टाकून बटण दाबलं की सिनेमा आपोआप स्वच्छ झाला असं काही होत नाही. कुणीतरी एका मोठ्या माणसाने तो सिनेमा आधी बसून बघावाच लागतो. टूल फक्त त्याने ठरवलेलं पाळतं. त्यामुळे रविवारी दुपारी बघायचा असेल तर शनिवारी रात्री एक-दोन तास काढायची तयारी असेल तरच पुढे वाचा.

अमेरिकेत ही गोष्ट धंदा म्हणून चालते, आणि तिथली भानगड थोडी समजली की आपण ही पद्धत का निवडायची ते कळतं. युटाह राज्यात धार्मिक कुटुंबं भरपूर, सिनेमे बघायचेत पण शिव्या आणि उघडेवाघडे सीन नकोत, म्हणून तिथे क्लीनफ्लिक्स नावाची कंपनी सिनेमे कापून त्याच्या नवीन डिस्क बनवून द्यायची. २००६ मध्ये कोर्टाने ते बंद पाडलं, कारण कापलेली नवी कॉपी तयार होत होती. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, तिथे फॅमिली मूव्ही अ‍ॅक्ट आला होता, त्यात घरातल्या घरात अधिकृत कॉपी चालवताना थोडा भाग गाळायला किंवा म्यूट करायला परवानगी आहे, फक्त बदललेली कायमची कॉपी बनता कामा नये. क्लिअरप्ले नावाची सेवा याच तत्त्वावर चालते, सिनेमा तुमचा, फिल्टर त्यांचा. व्हिडअँजल नावाच्या कंपनीने मात्र डिस्कवरून सिनेमे स्वतःकडे उतरवून स्ट्रीम करायला सुरुवात केली, २०१६ मध्ये डिस्नी आणि वॉर्नर वगैरेंनी केस टाकली, २०१९ मध्ये ज्युरीने ६ कोटी २४ लाख डॉलरचा दणका दिला आणि शेवटी २०२० मध्ये ९९ लाख डॉलरवर तडजोड झाली. तात्पर्य काय तर सिनेमाच्या फाइलला हात न लावता चालवताना गाळणं हाच शहाणपणाचा रस्ता, आणि ईडीएल फाइल नेमकं तेच करते. तिकडच्या या सेवा तिकडच्या अकाउंटसाठी आणि मुख्यतः इंग्रजी कंटेंटसाठी आहेत, आपल्या हिंदी-मराठी सिनेमांची यादी त्यांच्याकडे मिळेल या आशेवर बसू नका.

आता सामान काय लागतं ते बघू. एक लॅपटॉप किंवा पीसी. टीव्हीवर कोडी नावाचं अ‍ॅप, अँड्रॉइड टीव्ही असेल तर प्ले स्टोअरवर फुकट मिळतं, विंडोज, लिनक्स, रास्पबेरी पायवर पण चालतं. हे पूर्वी एक्सबीएमसी होतं, २०१४ मध्ये नाव बदललं. कोडीमध्ये स्वतःचा एकही सिनेमा नसतो, ते फक्त प्लेयर आहे, आणि कुणी पाचशे रुपयात सगळे सिनेमे फुकट दिसणारा कोडी बॉक्स विकत असेल तर तो चोरीचा माल आहे, तिकडे जाऊ नका. तिसरी गोष्ट म्हणजे सिनेमा फाइलच्या रूपात तुमच्याकडे पाहिजे, लॉक नसलेली फाइल, पेनड्राइव्हवर, हार्डडिस्कवर किंवा घरातल्या नेटवर्कवर. इंटरनेटवरून थेट स्ट्रीम होणाऱ्या गोष्टींना कोडी ही फाइल लावत नाही. डीव्हीडी किंवा ओटीटीचं लॉक तोडून फाइल काढण्याबद्दल मी इथे काही सांगणार नाही, आपल्याकडेही २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात त्यासाठी ६५ए कलम आहे. ओटीटीवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

आणि एक, टीव्हीच्या यूएसबीला पेनड्राइव्ह लावून टीव्हीचाच प्लेयर वापरला तर काही होणार नाही, त्याला ईडीएल कळत नाही. सिनेमा कोडीतूनच लावायचा.

पहिलं काम, काय गाळायचं ते ठरवणं

हे बायकोशी किंवा नवऱ्याशी, आणि घरात मोठी माणसं असतील तर त्यांच्याशी बोलून ठरवा, कारण प्रत्येकाला खटकणारी गोष्ट वेगळी असते. आपण गृहीत धरतो की चुंबनाचा सीन आला की आजीला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात आजीने तसलं टीव्हीवर खूप बघितलेलं असतं आणि तिला आईवरून दिलेली शिवी जास्त लागते. सात वर्षांच्या मुलाला प्रेमाचा सीन कंटाळवाणा वाटतो, पण गळा चिरलेला दिसला की रात्री झोपत नाही. माझं मत विचाराल तर लहान मुलं असतील तर हिंसेपासून सुरुवात करा, लोक उलटं करतात.

आधी अंदाज घ्यायला आयएमडीबीवर प्रत्येक सिनेमाच्या पानावर पेरेंट्स गाइड नावाचा भाग असतो, त्यात नग्नता, हिंसा, शिव्या, दारू-सिगारेट आणि भीतीदायक प्रसंग असे वेगवेगळे मुद्दे लोकांनीच लिहिलेले असतात. इंग्रजी सिनेमांसाठी कॉमन सेन्स मीडिया नावाची साइट पण चांगली आहे. मराठी सिनेमांबद्दल या दोन्हीकडे माहिती तोकडीच. आपल्या सेन्सॉर सर्टिफिकेटवर २०२३ च्या दुरुस्तीपासून यूए चे तीन भाग झालेत, ७ प्लस, १३ प्लस आणि १६ प्लस, त्याने ढोबळ कल्पना येते पण नेमकं काय आणि कुठे ते कळत नाही. सिनेमात गाळण्यासारखं इतकं असेल की पंचवीस-तीस ठिकाणी कात्री लागणार, तर सरळ दुसरा सिनेमा लावा. चिंध्या झालेला सिनेमा कुणीच नीट बघत नाही आणि सगळ्यांचं लक्ष सिनेमापेक्षा काय गाळलं असेल यावरच जातं.

दुसरं काम, वेळ टिपणं

यातच खरा वेळ जातो. पहिली फेरी कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाच्या फुकट प्लेयरमध्ये करा. सिनेमा दीडपट स्पीडने लावा, शिफ्ट धरून डावा-उजवा बाण दाबला की तीन सेकंद मागेपुढे जातं, टी दाबलं की स्क्रीनवर वेळ दिसते. वहीत फक्त ढोबळ लिहा, म्हणजे ४७ मिनिटं १० सेकंदाच्या आसपास मारामारी, १ तास ५ मिनिटं २० ला शिवी, असं. या फेरीत नेमकेपणाच्या मागे लागू नका, नाहीतर सिनेमा संपतच नाही.

दुसऱ्या फेरीला एव्हीडेमक्स घ्या, हा फुकट एडिटर आहे आणि खाली वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत दाखवतो, व्हीएलसी तेवढं दाखवत नाही. डावा-उजवा बाण म्हणजे एकेक फ्रेम, सिनेमातलं एकेक चित्र. आपण इथे काही कापणार नाही आहोत, फक्त वेळ वाचायची, त्यामुळे बंद करताना सेव्ह विचारलं तर नको म्हणा.

सीन कुठे कापायचा याचं एक तंत्र आहे. सुरुवात आणि शेवट दोन्ही शॉट बदलतो त्या फ्रेमवर ठेवा. माणूस बोलता बोलता अर्ध्या वाक्यात गायब झाला की सगळ्यांना कळतं की इथे काहीतरी उडवलं, पण दाराचा शॉट संपून रस्त्याचा शॉट आला तर पोरांच्या लक्षातही येत नाही. पार्श्वसंगीत चालू असेल तर मात्र उडी ऐकू येतेच, म्हणून शक्य असेल तर संगीत थांबतं तिथपर्यंत कट थोडा लांबवा, पाच-दहा सेकंदाचं निरुपद्रवी जास्तीचं गेलं तरी चालतं. पण कथेतला महत्त्वाचा संवाद त्या भागात असेल तर लांबवू नका, नाहीतर पुढे अर्धा तास सगळे विचारत बसतात की हा कोण, हा का रडतोय. चित्र काळं करून आवाज चालू ठेवायची सोय ईडीएल मध्ये नाही, एक तर अख्खा भाग उडतो नाहीतर फक्त आवाज जातो.

शिव्यांसाठी आख्खा सिनेमा ऐकायची गरज नाही, सबटायटलची एसआरटी फाइल असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा आणि कंट्रोल एफ करून शब्द शोधा, प्रत्येक ओळीच्या वर वेळ लिहिलेलीच असते. पण हिंदी सिनेमाच्या इंग्रजी सबटायटलवर विसंबू नका, तिथे भरभक्कम शिवीचं भाषांतर मूर्ख किंवा नालायक एवढंच केलेलं असतं, त्यामुळे शोधून सापडत नाही. मराठीत तर विचारूच नका, आपल्याकडे निम्म्या शिव्या प्रेमाने दिलेल्या असतात, त्यातली कुठली घरात चालते आणि कुठली नाही ते कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं, ते तुम्हीच ऐकून ठरवायचं.

सबटायटलच नसेल तर सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात व्हिस्पर (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं टूल) वापरून बोलण्यावरून सबटायटल तयार करता येतात. इंग्रजीत चांगलं काम होतं, मराठीत मजकूर बराच ओबडधोबड येतो पण ठिकाण शोधायला पुरतो. त्याहून मोठा फायदा म्हणजे त्यात आवाजाची लहर दिसते, त्यामुळे तो एक शब्द नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते डोळ्यांनी दिसतं. सबटायटलची वेळ अख्ख्या वाक्याची असते, ती तशीच म्यूटला दिली तर चार सेकंद शांतता होते आणि पोरं लगेच विचारतात की आवाज का गेला. फक्त तो शब्द घ्या, दोन्ही बाजूंना सेकंदाचा एक-दोन दशांश जास्त ठेवा, बस.

तिसरं काम, फाइल लिहिणं

नोटपॅड उघडा. एका ओळीत तीन आकडे, मधे एकेक स्पेस. पहिला आकडा कुठून, दुसरा कुठपर्यंत, तिसरा काय करायचं. तिसऱ्या जागी ० म्हणजे तो भाग उडव, १ म्हणजे आवाज बंद कर. २ म्हणजे नुसती खूण, ती आपल्याला नको. ३ म्हणजे जाहिरात समजून एकदा ओलांड, पण रिमोटने मागे गेलं तर तो भाग दिसतो, म्हणजे हुशार पोरांपुढे हे टिकणार नाही, ० च वापरा.

उदाहरण घेऊ. मारामारी ४७ मिनिटं १२.४ सेकंदाला सुरू होते आणि ४८ मिनिटं ३.९ सेकंदाला संपते. मिनिटांना ६० ने गुणून सेकंद मिळवायचे, म्हणजे २८२० अधिक १२.४ बरोबर २८३२.४, आणि २८८० अधिक ३.९ बरोबर २८८३.९. शिवी १ तास ५ मिनिटं २०.३ ते २१.१ सेकंद, म्हणजे ३९२०.३ ते ३९२१.१. फाइलमध्ये एवढ्याच दोन ओळी:

२८३२.४ २८८३.९ ०
३९२०.३ ३९२१.१ १

मी इथे आकडे मराठीत लिहिलेत, फाइलमध्ये मात्र इंग्रजी आकडेच टाइप करायचे, कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर कोडीला ते आकडे कळत नाहीत आणि आपण अर्धा तास डोकं धरून बसतो. कोडीला तास, मिनिट, सेकंद मधे कोलन टाकून दिलेलेही चालतात, गुणाकाराचा कंटाळा असेल तर तसं करा. एसआरटी मधून वेळ उचलत असाल तर तिथे सेकंदानंतर स्वल्पविराम असतो, इथे टिंब लागतं, ते बदला.

आता सेव्ह करणं, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. फाइलचं नाव सिनेमाच्या फाइलच्या नावासारखं अगदी तेच पाहिजे, स्पेस, कंस, साल सगळं सकट, फक्त शेवटी एमपी४ किंवा एमकेव्ही च्या जागी ईडीएल. नोटपॅड गुपचूप पुढे टीएक्सटी चिकटवतं, म्हणून सेव्ह करताना सेव्ह अ‍ॅज टाइप मध्ये ऑल फाइल्स निवडा, आणि विंडोजमध्ये व्ह्यू मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करून डोळ्यांनी खात्री करा. दोन्ही फाइल एकाच फोल्डरमध्ये, शेजारी शेजारी.

ईडीएल हे नाव बाकी ठिकाणीही भेटेल, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांची ईडीएल वेगळी, एमपीव्ही प्लेयरची वेगळी. आपण वापरतोय ती एमप्लेयर नावाच्या जुन्या प्लेयरच्या पद्धतीची. नेटवर माहिती शोधताना हे लक्षात ठेवा नाहीतर भलतंच वाचत बसाल.

चौथं काम, तपासणं

कोडीमध्ये सिनेमा लावा आणि सगळ्यात आधी एकूण लांबी बघा. वरच्या उदाहरणात ५१.५ सेकंद उडवलेत, त्यामुळे एकूण वेळ तेवढी कमी दिसायला हवी. मूळ सिनेमाएवढीच दिसत असेल तर ईडीएल फाइल वाचलीच गेली नाहीये, नाव तपासा. कमी दिसत असेल तर प्रत्येक कटच्या पंधरा-वीस सेकंद आधी जाऊन बघा, आवाज चालू ठेवून. फक्त म्यूट असतील तर लांबी बदलत नाही, ते कानानेच तपासायचं.

इथे एक गंमत आहे. कट लागले की कोडी उरलेल्या सिनेमाचीच वेळ दाखवतो, म्हणजे पहिल्या कटनंतर स्क्रीनवरची वेळ आणि मूळ फाइलमधली वेळ यांत ५१.५ सेकंदाचा फरक पडतो. नंतर आठवलं की अजून एक शिवी राहिली आणि तुम्ही कोडीच्या स्क्रीनवरची वेळ बघून ओळ लिहिली, तर म्यूट भलत्याच ठिकाणी होणार. नवीन वेळ नेहमी व्हीएलसी किंवा एव्हीडेमक्समध्येच बघायची, फाइलमध्ये नेहमी मूळ सिनेमाचीच वेळ द्यायची.

एक-दोन सेकंदाचे छोटे कट टाळा, उडी मारताना चित्र किंचित अडखळतं आणि त्यानेच लक्ष जातं. तेवढ्यासाठी म्यूट बरं. आणि तुम्हाला दोघांना रात्री सिनेमा पूर्ण बघायचा असेल तर ईडीएल फाइलचं नाव बदला, सिनेमा जसाच्या तसा चालतो.

दुसऱ्याने बनवलेली फाइल मिळाली तर

नाशिकच्या भावाने किंवा न्यू जर्सीच्या बहिणीने त्यांची ईडीएल फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, काही केबीची असते, पण ती तुमच्या फाइलला जुळेलच असं नाही. आपल्याकडच्या कॉपीत सुरुवातीला तंबाखूविरोधी जाहिराती असतात आणि मध्यंतरानंतर परत असतात, परदेशातल्या कॉपीत त्या नसतात, त्यामुळे पूर्वार्धात एक फरक आणि उत्तरार्धात वेगळा फरक पडतो. अशा वेळी सिनेमाचं नाव पडद्यावर येतं ती फ्रेम दोन्हीकडे किती सेकंदाला आहे ते विचारा, फरक काढा, तुमच्याकडे ती उशिरा येत असेल तर पहिल्या भागातल्या सगळ्या आकड्यांत तो मिळवा, लवकर येत असेल तर वजा करा, मध्यंतरानंतरच्या एखाद्या ठळक शॉटवरून तेच परत करा. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम. पण फरक सारखा वाढतच जात असेल, सुरुवातीला दोन सेकंद आणि शेवटी चार-पाच मिनिटं, तर एक कॉपी सेकंदाला २४ फ्रेमची आणि दुसरी २५ फ्रेमची आहे. पाल या टीव्ही पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या डीव्हीडीवर सिनेमा ४ टक्के वेगाने पळतो. मग मिळवून चालत नाही, गुणावं लागतं, २४ वरून २५ वर जाताना प्रत्येक आकड्याला ०.९६ ने. सेन्सॉरने कापलेली कॉपी आणि न कापलेली कॉपी असेल तर मात्र सरळ नव्याने बनवा, जुळवत बसण्यात जास्त वेळ जातो.

ओटीटीवर बघणाऱ्यांसाठी

२०२१ च्या आयटी नियमांपासून ओटीटीवर यू, यूए ७ प्लस, १३ प्लस, १६ प्लस आणि ए अशी लेबलं आणि १३ प्लसपासून वर पेरेंटल लॉक द्यावं लागतं. नेटफ्लिक्सवर मुलांच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा लावता येते, ठरावीक सिनेमा नाव टाकून बंद करता येतो, आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावता येतो. हा पिन लावायला लोक विसरतात, आणि मग मुलाच्या प्रोफाइलला केलेल्या सगळ्या सेटिंगचा उपयोग शून्य, कारण तो शेजारच्या चौकोनावर क्लिक करतो. पण हे सगळं अख्ख्या सिनेमाला लागू होतं, एक सीन गाळायची सोय यात नाही.

सीन गाळायचाच असेल तर लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये ओटीटी लावा आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. व्हिडिओस्किप नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात ईडीएलसारखीच वेळेची यादी बनवायची, आणि इथे चित्र काळं करून आवाज चालू ठेवायची सोयही आहे. अ‍ॅडव्हान्स्ड प्रोफॅनिटी फिल्टर नावाचं दुसरं आहे, ते सबटायटलमधला शब्द बघून आवाज बंद करतं, त्यात आपले शब्द यादीत वाढवता येतात, पण सबटायटलमध्ये शब्द आलाच नाही तर त्याला काही कळत नाही हे वर सांगितलंच. टीव्हीतल्या अ‍ॅपवर यातलं काहीच चालत नाही, लॅपटॉप पाहिजेच. आणि एक्स्टेन्शनला ब्राउझरमध्ये कुठल्या साइट वाचायची परवानगी देताय ते बघा, फक्त त्या ओटीटीच्या साइटपुरती द्या, बँकेचं काम करता त्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये तर टाकूच नका, वेगळं प्रोफाइल बनवा.

बनवलेल्या सगळ्या ईडीएल फाइल एका फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि सोबत एका वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा की ही कुठल्या कॉपीची, एकूण लांबी किती आणि नावाची फ्रेम कितव्या सेकंदाला. पेनड्राइव्ह फॉरमॅट झाला तर सिनेमा परत मिळेल, पण वेळा टिपायची ती शनिवारची रात्र परत काढावी लागेल.